मांजर राहू दे, धूळ जाऊ दे

चेन्नईहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातलं, विट्याकडचं. पती गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यामुळे खानापूर-आटपाडी भागातली मंडळी देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन पोहोचली आहेत, तशीच ती चेन्नईच्या सौकारपेटमध्येही आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून दमा. घरात तीन वर्षांची मांजर. आतापर्यंत तिच्यासाठी गच्चीवर वाळूचं घमेलं ठेवलेलं असायचं. मग इमारतीच्या गच्चीला कुलूप लागलं, घमेलं घरात आलं आणि वाळूच्या जागी दुकानातून पिशवी आली. पिशवी आल्यापासून सासूबाईंची धाप वाढली. इतकंच काय, मांजरही अधूनमधून खोकते. शेजाऱ्यांचं म्हणणं, तिला कासिमेडूच्या मासळी बंदरावर सोडून या, तिथे तिला खायला काही कमी पडणार नाही. सुनेचं मन होत नाही आणि गंमत म्हणजे सासूबाईंचं त्याहून होत नाही, कारण दुपारभर मांजर असते ती त्यांच्याच मांडीवर. आता करायचं काय, असा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, कासिमेडूचा रस्ता धरू नका. घरात वाढलेल्या, वाटीतलं खाणाऱ्या मांजरीला बंदरावरच्या बोक्यांशी आणि कुत्र्यांशी झुंजून पोट भरता येत नाही. शेजारी म्हणतात तसं खायला कमी नसेलही, पण ते तिच्या तोंडी लागायला हवं ना! शिवाय उपाशीतापाशी हाल होतील अशा ठिकाणी पाळीव जनावर विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, सासूबाईंची धाप. ही बाब मांजरीहून मोठी आहे आणि ती टाळू नका. वाढलेला दमा अंगावर काढायचा नसतो. औषधाचा पंप आहे का, तो रोजचा आहे की फक्त त्रास झाल्यावर ओढायचा, ओढण्याची पद्धत बरोबर आहे का, हे छातीच्या डॉक्टरांकडून पुन्हा एकदा तपासून घ्या. वयस्कर माणसं बऱ्याचदा पंपाचा फवारा जिभेवरच घेतात आणि औषध फुप्फुसापर्यंत जातच नाही. पंपाला लावायची नळकांडी मिळते, स्पेसर म्हणतात तिला. तिने हे काम सोपं होतं.

आता मूळ मुद्दा. पत्रात एक ओळ फार मोलाची आहे: त्रास वाढला तो पिशवी आल्यावर. मांजर तर तीन वर्षं घरात आहे. घरातला प्रत्येक जण मांजरीकडे बोट दाखवतोय, पण संशयित दोन आहेत. एक मांजर आणि दुसरी तिच्या घमेल्यातली धूळ. ही दोन प्रकरणं वेगळी असतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

मांजरीची ॲलर्जी ज्यांना असते त्यांना ती बहुधा केसांची वाटते. खरं तर ती मांजरीच्या लाळेतल्या आणि कातडीच्या तेलकट ग्रंथींतल्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात, गाद्यांना, पडद्यांना, कपड्यांना चिकटतात. मांजर घरातून गेली तरी हे कण कित्येक महिने घरात टिकून राहतात. म्हणून 'आठ दिवस मांजर दुसरीकडे ठेवून बघू' हा जो प्रयोग लोक करतात, त्यातून काहीच कळत नाही. आठ दिवसांत फरक पडला नाही तर मांजर निर्दोष ठरत नाही.

धुळीचा प्रयोग मात्र सोपा आहे. दोन-तीन आठवडे धुळीची माती बंद करा, कमी धुळीची आणा आणि वहीत रोज टिपून ठेवा: धाप केव्हा लागली, किती वाजता, त्याआधी घरात काय चाललं होतं. पिशवी ओतल्यावर किंवा घमेलं साफ केल्यावर थोड्याच वेळात खोकला सुरू होत असेल तर रोख धुळीकडे जातो. मांजर मांडीवर घेतल्यावर डोळे चुरचुरत असतील, शिंका येत असतील, तर रोख मांजरीकडे. पहाटे-पहाटे त्रास होत असेल, तर गादीतल्या बारीक किड्यांचाही विचार करायला हवा. चेन्नईसारख्या दमट हवेत हे किडे, डोळ्यांना न दिसणारे, गाद्या-उशांमध्ये सुखाने नांदतात. अर्थात दम्याचा पहाटेचा त्रास इतर कारणांनीही होतो. ही वही डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीसाठी कातडीवर करायची चाचणीही असते. ती करायची की नाही हे त्यांना ठरवू द्या.

आणि या वहीत इतर गोष्टीही येऊ द्यात. चेन्नईच्या घरांत शुक्रवारी सांब्राणीचा धूर करतात, आपल्याकडच्या धुपासारखा. शेजारून तो आपल्या घरात येतोच. डासांची कॉइल रात्रभर जळत असते. उदबत्ती आहे. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, जुन्या वस्तू जाळायची पद्धत आहे. २०१८ च्या भोगीला तर धूर आणि धुकं मिळून असं काही जमलं की विमानतळावरची विमानं खोळंबली होती. आणि गलाईच्या भट्टीत तेजाबाचा वापर असतो. पतिराज कामावरचे कपडे घालून सरळ सासूबाईंच्या खोलीत येत असतील, किंवा भट्टी घराच्या खालीच असेल, तर मांजरीला दोष देण्याआधी तिथेही नजर टाकायला हवी.

आता त्या पिशवीत असतं काय ते पाहू. दुकानात तिला 'कॅट लिटर' म्हणतात. आपल्याकडे लिटर म्हटलं की दुधाचं माप आठवतं, त्यामुळे घरोघरी तिचं नाव 'मांजराची माती' असंच पडलंय आणि ते योग्यही आहे, कारण बहुतेक पिशव्यांत खरोखरच माती असते.

पूर्वी चुलीतली राख किंवा वाळू वापरायचे. आपल्याकडेच नव्हे, अमेरिकेतही. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या एका गावात एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे त्याची शेजारीण मांजरीसाठी वाळू मागायला आली. राखेने तिच्या घरभर मांजरीच्या काळ्या पावलांचे ठसे उमटत होते. लोच्या घरचा धंदा कारखान्यांतलं सांडलेलं तेल-वंगण टिपून घेणारे पदार्थ विकण्याचा. त्याने तिला वाळूऐवजी 'फुलर्स अर्थ' या मातीचे खडे दिले. ते तिला इतके आवडले की लोने त्याच्या पिशव्या भरून विकायला सुरुवात केली आणि तिथून हा धंदा उभा राहिला. फुलर्स अर्थ म्हणजे कोण? आपली चेहऱ्याला लावायची मुलतानी माती!

पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइट ही माती आली. पाणी लागलं की ती फुगते आणि चिकट होते. मांजरीने लघवी केली की तेवढ्याच जागेचा घट्ट गोळा बनतो, तो झाऱ्याने उचलून टाकायचा, बाकीची माती तशीच. ही सोय लोकांना भावली नसती तरच नवल. आपल्या देशात हे बेंटोनाइट मुख्यतः गुजरातेतल्या कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघतं आणि तिथून परदेशांतही जातं. मोठ्या इमारतींचे आणि पुलांचे खांब जमिनीत उतरवताना खड्ड्यात जो चिखलासारखा राखाडी द्राव भरलेला दिसतो, तोही याच मातीचा.

धूळ कुठून येते हे इथेच कळतं. माती दळून, वाळवून, चाळून तिचे दाणे केलेले असतात. चाळताना भुकटी कितीही काढली तरी कच्छहून चेन्नईपर्यंत ट्रकने हजारो किलोमीटर येताना दाण्यावर दाणा घासतो आणि नवी भुकटी तयार होते. बारीक असल्यामुळे ती पिशवीच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून नवी पिशवी पहिल्या दिवशी बरी वाटते आणि शेवटचं ओतताना घरात पांढरा ढग उठतो. यावर उपाय अगदी घरगुती आहे: तळातली शेवटची दोन-तीन वाट्या भुकटी ओतायचीच नाही. पिशवीसकट टाकून द्यायची. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात खरे, पण दम्याच्या औषधाच्या मानाने ते काहीच नाहीत.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत '९९ टक्के डस्ट-फ्री' लिहिलेलं असतं. हा आकडा कंपनी आपला आपणच छापते. आणि समजा तो शब्दशः खरा धरला, तरी दहा किलोच्या पिशवीतला एक टक्का म्हणजे शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम मैदा घेऊन तो खोलीत उधळला तर काय होईल, याची कल्पना करा! तेव्हा आकड्यावर जाऊ नका. दुकानदाराकडे सुटी माती किंवा उघडी पिशवी असेल तर मूठभर काळ्या कापडावर हातभर उंचीवरून ओतून बघा, शक्यतो दाराच्या उन्हात. उन्हाच्या कवडशात धूळ लपत नाही. दोन-तीन प्रकार असे शेजारीशेजारी ओतून पाहिले की जाहिरात वाचायची गरज उरत नाही. दुकानदाराला भाषा कळत नसेल तर एक शब्द लक्षात ठेवा: तमिळमध्ये धुळीला 'तूसि' म्हणतात. 'तूसि' म्हणून हाताने ढग उडाल्याची खूण केली की काम होतं.

मात्र दिसणारी धूळ ही अर्धीच गोष्ट आहे. डोळ्यांना दिसणारा मोठा कण नाकात, घशात अडकतो. फुप्फुसात खोल जातो तो न दिसणारा. कवडशात जिथे दिसणारी धूळ जास्त, तिथे न दिसणारीही जास्त असणार, एवढा अंदाज आपण घरी बांधू शकतो.

मातीच्या धुळीत 'सिलिका' असतो आणि त्याने कर्करोग होतो, असंही कुणीतरी या भगिनींना सांगितलंय. यातलं खरं किती? मातीत स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे गारेचा, अंश असतो हे खरं. दगड फोडणारे, खाणीत आणि वाळूच्या फवाऱ्याजवळ काम करणारे कामगार वर्षानुवर्षं ही धूळ ओढतात, त्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारा हा सिलिका कर्करोगकारक ठरवला आहे. पण दिवसाकाठी एकदा घमेलं साफ करणाऱ्या गृहिणीची आणि खाणकामगाराची बरोबरी करू नये. तिला त्या रोगांची भीती घालण्यात अर्थ नाही. दम्याच्या माणसाचं मात्र वेगळं. त्याच्या श्वासनलिका आधीच चिडलेल्या असतात. कसलीही बारीक धूळ त्यांना पुरे होते, मग ती मातीची असो, पिठाची असो वा लाकडाच्या भुशाची.

म्हणूनच 'नैसर्गिक' हा शब्द वाचून भुलू नका. लाकडाचा भुसा नैसर्गिकच असतो, पण सुतारमंडळींना त्यानेच दमा लागल्याची उदाहरणं आहेत. नारळाच्या काथ्याचा भुगा तमिळनाडूत मुबलक आणि स्वस्त. ओला असेपर्यंत तो गुणी, वाळला की उडतो. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू तर आणूच नका. तिच्यात भटक्या कुत्र्यामांजरांची विष्ठा, जंतांची अंडी, सगळंच असतं.

मग आणायचं काय? कमी धुळीच्या बाबतीत माझा पहिला कौल कागदाच्या दाबून केलेल्या गोळ्यांना. त्या जड असतात, उडत नाहीत, मांजरीच्या पायांनी घरभर जात नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीलाही पशुवैद्य कागदच सुचवतात, जखमेला माती चिकटू नये म्हणून. दोष एवढाच की गोळा बनत नाही, वासही लवकर येतो, त्यामुळे सगळं घमेलं वरचेवर बदलावं लागतं. मिळत नसतील तर जुन्या वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या कापून काही दिवस प्रयोग करता येतो. फुकटात होतो आणि धूळही जवळजवळ नाही. मांजर मान्य करते का, हाच काय तो प्रश्न.

दुसरा कौल सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेल्या 'टोफू' लिटरला किंवा टॅपिओकाच्या गोळ्यांना. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो तोच. त्याचं मोठं केंद्र चेन्नईच्याच राज्यात, सेलमला आहे. या गोळ्या ओल्या झाल्या की चिकटून गोळा होतात आणि चांगल्या प्रतीच्या असतील तर मातीपेक्षा धूळ बरीच कमी. पण हा पदार्थ शेवटी धान्यासारखा. चेन्नईची हवा वर्षभर दमट आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाची. उघड्या पिशवीला बुरशी धरते, किडे होतात. बुरशी तर दम्याची जुनी वैरीण! एक काढून दुसरी घरात घेतली असं नको. तेव्हा स्वस्त पडते म्हणून मोठी गोण आणू नका. लहान पाकिटं आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुबट वास आला की निर्दयपणे टाकून द्या.

तिसरा प्रकार पांढऱ्या काचेच्या खड्यांसारखा दिसतो. तो सिलिका जेल. औषधाच्या बाटलीत आणि नव्या चपलांच्या खोक्यात पुडी असते तोच. नाव सिलिकाच असलं तरी वर सांगितलेला गारेचा सिलिका तो नव्हे, तेवढी गल्लत करू नका. धूळ सुरुवातीला खूप कमी, पण मांजरीने उकरून-उकरून खडे फुटले की वाढते. शिवाय हा पदार्थ हवेतलाही ओलावा पितो, त्यामुळे पाकिटावर महिना लिहिलेला असला तरी चेन्नईत तितका टिकेल अशी आशा धरू नका.

आणि बेंटोनाइटच हवं असेल, तर मोठ्या, जड दाण्याचं घ्या आणि बिनवासाचं घ्या. गुलाब, लव्हेंडर, लिंबू असल्या वासांची माती दम्याच्या घरात नको. तो वास माणसालाही चिडवतो आणि मांजरीला तर आपल्या शौचालयात गुलाब अजिबात आवडत नाही. ती सरळ दुसरा कोपरा शोधते.

आता ओतायची पद्धत, कारण चांगली माती आणूनही पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो तो इथे. पत्रात लिहिलंय की सून दुकानातल्या हिशेबाला जाते, म्हणून घमेलं सासूबाई साफ करतात. हे आजच बंद करा. ज्यांना दमा आहे त्यांनी ते काम करायचंच नाही. दुसऱ्या कुणीतरी करायचं आणि तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या खोलीत बसायचं. पंखा बंद. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं, कारण डोक्यावर पंखा गरगरत असताना पिशवी ओतणं म्हणजे धुळीला आमंत्रण. खिडकी उघडी. पिशवीचं तोंड घमेल्याच्या तळाला टेकवून माती हळूहळू सरकवायची, वरून धो-धो ओतायची नाही. दोन-अडीच इंचांचा थर पुरे. नाकातोंडावर करोनाच्या काळात आणलेले एन-९५ मास्क शिल्लक असतील तर त्यातला एक लावा. साधा रुमाल इतकी बारीक धूळ अडवत नाही. मग अर्धा तास खोली मोकळी सोडायची. जमिनीवर सांडलेलं केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. घमेलं स्वयंपाकघरात नको, झोपायच्या खोलीत तर नकोच. बाल्कनी असेल तर उत्तम, पण तिथे कबुतरांची विष्ठा साठू देऊ नका, तीही फुप्फुसाला त्रास देते.

काही घरांत धूळ बाहेर येऊ नये म्हणून झाकणाचा, छोट्या घरासारखा ट्रे आणतात. माणसांच्या दृष्टीने कल्पना चांगली, पण मांजरीचं काय? ती आत शिरून माती उकरते तेव्हा तिचं नाक मातीपासून जेमतेम वीतभर असतं. सगळी धूळ आत कोंडलेली आणि तिचं डोकंही आत. खोकणाऱ्या मांजरीसाठी उघडाच ट्रे हवा. रोज साफ न केलेल्या ट्रेमध्ये लघवीचा अमोनियाही साठतो. नाकाला झोंबतो ना, तोच. तोही श्वासनलिका चिडवतो. धूळ शून्य आणि सफाईही शून्य, याने काही साधत नाही. गोळे आणि विष्ठा दिवसातून दोनदा झाऱ्याने काढाव्यात.

मांजरीच्या खोकल्याबद्दल मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवं. मांजरींनाही दमा होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मांजर जमिनीसरशी बसते, मान पुढे लांब करते, खाक-खाक करते आणि घरच्यांना वाटतं की केसांचा गोळा ओकतेय. गोळा बाहेर पडला तर ठीक. वरचेवर असंच होतंय आणि बाहेर काहीच पडत नाही, तर दम्याचा संशय घ्यायचा. खोकला जंतांमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही असू शकतो, त्यामुळे घरी निदान करत बसू नका. पुढच्या वेळी ती खोकेल तेव्हा मोबाइलवर चित्रण करून ठेवा. दवाखान्यात मांजर हटकून शहाण्यासारखी बसते आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. आणखी एक माप घ्या: ती गाढ झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजा. निरोगी मांजरीचे श्वास साधारण तिसाच्या आत असतात. रोज त्याहून जास्त भरत असतील तर दाखवायला उशीर करू नका. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर ती घटकाभरही थांबायची वेळ नव्हे.

सौकारपेटपासून वेपेरी जवळच आहे. तिथे १९०३ साली सुरू झालेलं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्या रुग्णालयात मांजरीही तपासतात. मांजरीच्या दम्यावर औषधं आहेत. तोंडावर बसणारा छोटा मास्क आणि नळकांडी लावून माणसांसारखाच पंपही देता येतो, पण औषध कोणतं आणि किती हे पशुवैद्यच ठरवणार. सासूबाईंचा पंप परस्पर मांजरीला लावू नका. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही. माणसाची ती साधी गोळी मांजरीचा जीव घेते.

माती बदलताना एकदम बदलू नका. जुन्या मातीत पाव हिस्सा नवी, दोन-तीन दिवसांनी अर्धी, असं करत दहा दिवसांत पूर्ण नवी. जागा असेल तर जुनं आणि नवं अशी दोन घमेली शेजारी ठेवणं आणखी चांगलं, मांजर आपली पसंती स्वतःच सांगते. मातीकडे पाठ फिरवून लघवी रोखून धरत असेल किंवा पुन्हा पुन्हा बसून थेंबही येत नसेल, तर रुसवा समजून थांबू नका. बोक्यांच्या बाबतीत विशेषतः, लघवी अडकल्याने एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतं.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: धाकट्या जाऊबाईंना दिवस गेलेत, त्या बाळंतपणाला याच घरी येणार आहेत, मांजर चालेल का? चालेल. मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू जाऊ शकतो आणि तो गर्भाला घातक असतो, हे खरं. पण विष्ठेतला हा जंतू लागट व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणजे घमेलं रोज साफ होत असेल आणि ते काम जाऊबाई करत नसतील, तर काळजीचं कारण बरंच कमी होतं. मांजरीला कच्चं मांस देऊ नका, उंदीर पकडू देऊ नका, आणि जाऊबाईंनी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं की घरात मांजर आहे.

आणि हो, काढलेली माती संडासात टाकू नका. पाकिटावर 'फ्लश करता येते' असं लिहिलेलं असलं तरीही. बेंटोनाइट पाण्यात किती फुगतं ते एका पेल्यात चमचाभर टाकून बघा. जुन्या इमारतीच्या नळात ते एकदा बसलं की खालच्या मजल्यावरचे लोक मांजरीसकट तुम्हालाही कासिमेडूला पाठवायला निघतील. कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून, रोजच्या कचऱ्यात द्यावी आणि मग हात साबणाने धुवावेत.